नानांचं दुसरं जेवण

आमच्या वरच्या मजल्यावरचे मुरलीनाना रोज संध्याकाळी दोनदा जेवतात, ही गोष्ट मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. दोनदा म्हणजे थोडं आत्ता, थोडं मग, असं नव्हे. पाट, ताट, शेवभाजी, भाकरी, शेवटी ताक, हात धुणं, ढेकर, आणि भांडी घासून पालथी पडली न पडली तोच पुन्हा पाट, ताट, शेवभाजी, भाकरी, ताक. मी त्यांच्या खालच्या घरात राहते. छत पातळ आहे आणि माझे कान तिखट आहेत, त्यामुळे हा सगळा कार्यक्रम मला भांड्यांच्या आवाजावरून बसल्या जागी कळायचा.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. म्हणजे मुलं मोबाईलमध्ये बघतात आणि मी फळ्याशी बोलते. घरी आल्यावर निदान कुणीतरी माझ्याशी बोलावं म्हणून असेल, पण नाना मला आवडायचे. ते धुळ्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसून माईकवर गाड्या पुकारणारा जो माणूस असतो, तो. नोकरी संपली, जळगावात घर घेतलं, तरी माईक काही सुटला नाही. तलावाकडे फिरायला निघाले की जिन्यातून आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, नाना तलावाकडे सुटत आहेत." बायकोने, म्हणजे अक्कांनी, मध्येच कोथिंबीर आणायला सांगितली की नाना बाजारमार्गे जात. पोट बिघडलं की सर्व फेऱ्या रद्द. आणि रात्रीच्या दुसऱ्या जेवणाला त्यांनी नाव ठेवलं होतं 'जादा गाडी'.

"सणासुदीला सोडतात ना, तशी," ते म्हणायचे. "आमच्याकडे रोजच गर्दी शे."

या जादा गाडीचा परिणाम व्हायचा तो झाला. नाना दिसले की रिक्षावाले दुसरी सवारी घेत नसत. घरातला वजनकाटा त्यांनी एकदा पाय ठेवून कायमचा गप्प केला, तेव्हा ते ओळखीच्या माणसाच्या केळीच्या वखारीत जाऊन तिथल्या काट्यावर उभे राहिले. तिथल्या माणसाने सवयीने, घडाच्या दांड्याचं वजन कापतात तसं थोडं कापून आकडा सांगितला. नानांना ते फार आवडलं. पुढे कुणीही वजन विचारलं की ते दांडा वजा करूनच सांगायचे.

विमलअक्का म्हणजे नानांच्या अगदी उलट. काडीसारखी बाई, पण चालणं असं भरभर की बरोबरच्या माणसाने धापा टाकाव्यात. बोलायच्या कमी आणि जे बोलायच्या ते अहिराणीत. त्यांचं सगळं बोलणं वाढण्यात असायचं. दारात कुणी आलं की आधी ताट, मग कोण आहे ते विचारणार.

मग नानांचे गुडघे गेले. अचानक नाही, हळूहळू, कुरकुरत. नानांनी त्यांनाही नावं दिली. डावा गुडघा शिरपूर आणि उजवा साक्री. "आज शिरपूर मार्ग बंद," असं म्हणत ते जिना आडवे होऊन उतरायचे, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. आम्ही हसायचो. नंतर ते उतरेनासेच झाले. दारात खुर्ची टाकून जिन्यातल्या लोकांची ये-जा पुकारत बसायचे, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही आम्ही हसतच होतो.

हाडांच्या डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेले. दोन माणसांनी उचलून रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, गुडघ्यातली कूर्चा झिजली, हाडावर हाड घासतंय. बदलता येईल, पण इतक्या वजनावर आणि इतक्या साखरेवर मी हात लावणार नाही, आधी वजन उतरवा. मग त्यांनी त्या नव्या सुईचं सांगितलं. आठवड्यातून एकदा घ्यायची. कूर्चा काही परत येणार नाही, पण ओझं उतरलं की दुखणं उतरतं, चालता येतं.

परत येताना नानांनी मला विचारलं की त्या सुईत असतं तरी काय. मी शिकवायच्या आवाजात सुरू झाले. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. आपण जेवलो की आतडं अशीच एक माळ रक्तात सोडतं आणि मेंदूला निरोप जातो, पोट भरलं, पुरे. आपल्या शरीराचा तो निरोप लवकर विरून जातो. सुईतली माळ तशीच, पण थोडी बदललेली, म्हणून आठवडाभर टिकते. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्गातल्या मुलांपेक्षा फार बरं.

"म्हणजे पोटात वाहतूक नियंत्रक बसवायचा," ते म्हणाले. "पण भूक मारायची सुई मला कशाला? मला भूक लागते कुठे?"

रिक्षावाला इतका हसला की त्याने रिक्षा बाजूला घेतली. ही गोष्ट त्याने गल्लीभर सांगितली. दोनदा जेवणारे नाना म्हणतात मला भूक लागत नाही, हे पुढे बरेच दिवस पानाच्या टपरीवर चालू होतं. सुई नको म्हणजे नकोच, असं नानांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर एका दुपारी कॉलेजातून आले तर नाना जिन्यात बसलेले. बसूनच एकेक पायरी खाली सरकत होते. लेंगा मळलेला, सदरा उलटा, चेहरा घामाने निथळलेला. मला वाटलं पडले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी तो झिडकारला.

"मला नको. ती गयी," ते म्हणाले. "अक्का गयी. मी हाका मारतोय, मला उतरता येईना."

मी तशीच पळत सुटले. अक्का तलावाच्या रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाडीपाशी बाकड्यावर बसलेल्या सापडल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत एक लाटणं आणि नानांचा टॉवेल. धुळ्याची गाडी कधी येणार, असं त्या रसवाल्याला पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि तो भला माणूस येईल, येईल म्हणून त्यांना बसवून ठेवत होता. थोडं पुढे गेल्या असत्या तर हायवे. मी त्यांना घेऊन आले तेव्हा नाना अजून जिन्यातच होते. वर चढणं त्यांना जमत नव्हतं आणि खाली उतरायला आता कारण उरलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना वर नेलं. अक्कांनी मला चहा दिला. तो पिऊन कप ठेवला तर त्यांनी पुन्हा चहा टाकला आणि पुन्हा दिला, पहिल्याइतक्याच प्रेमाने. मी नानांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

मग सगळं बाहेर आलं. बरीच वर्षं झाली म्हणे. अक्का स्वयंपाक करतात, वाढतात, भांडी घासतात, हात पुसतात आणि हात पुसता पुसता त्यांना वाटतं की नाना अजून जेवलेच नाहीत. धुळ्याच्या एका डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हा जाणार नाही, वाढेल.

"सुरुवातीला मी सांगायचो, जेवनू मी," नाना म्हणाले. "तर ती घाबरायची. ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, स्वतःच्या हाताकडे बघायची. रोज नव्याने घाबरायची. त्यापेक्षा खाई लेस मी. एक ताटच तर शे."

इतकी वर्षं छताखाली बसून मी या माणसाची खादाडी ऐकत होते. मला तिथे रडू आलं आणि अक्कांनी मला ताट वाढलं.

त्याच आठवड्यात नानांनी सुई सुरू केली. वजनासाठी नाही आणि दुखण्यासाठीही नाही. अक्का पुन्हा बाहेर पडली तर तिच्या मागे जाता आलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. गुडघे बदलून महिनोन् महिने खाटेवर पडायला त्यांना सवड नव्हती. मध्ये तिच्याकडे कोण बघणार? मूलबाळ नाही. नातेवाईक लग्नकार्याला भेटणारे.

डेपोतल्या दारुड्या ड्रायव्हरांना कॉलर धरून खाली उतरवणारा हा माणूस सुईला मात्र लहान पोरासारखा भ्यायचा. त्यामुळे दर रविवारी मीच दंडात टोचायची. नाना डोळे गच्च मिटून धुळे ते नाशिकमधले थांबे म्हणायचे आणि बहुधा मालेगाव यायच्या आत माझं काम झालेलं असायचं. सुईचं पेन माझ्याच फ्रीजमध्ये ठेवावं लागे, कारण पहिलं पेन अक्कांनी काढून लोणच्याच्या बरणीत उभं करून ठेवलं होतं.

सुईने आपलं काम चोख केलं. पहिले काही आठवडे नानांना नुसत्या फोडणीच्या वासाने मळमळायचं. पहिलं ताट अर्धं व्हायचं आणि दुसरं समोर आलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. जादा गाडी रद्द करता येत नव्हती आणि सोडताही येत नव्हती. मग त्यांनी युक्ती काढली. अक्का तव्याकडे वळल्या की ताटातलं सगळं खाटेखालच्या डब्यात, आणि तो डबा सकाळी माझ्याकडे. असं कित्येक महिने मी अक्कांची शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नाश्त्याला खाल्ली. नानांचं उतरलेलं वजन कुणाला शोधायचं असेल तर त्याने माझ्याकडे बघावं.

पण एकदा डबा पकडला गेला. अक्का रागावल्या नाहीत. माझ्या हातचं आता गोड लागत नाही का, एवढंच त्यांनी विचारलं आणि रडत बसल्या. दुसऱ्या दिवशी डब्याचं काहीच आठवत नव्हतं, पण डोळे सुजलेले आणि का कोण जाणे, मन उदास. कारण विसरायचं आणि दुःख तेवढं उरायचं, असला हा घाणेरडा आजार. त्याच्यासाठी सुई निघाल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

इकडे वजन उतरत होतं. डॉक्टर खूश. मांड्यांत जोर राहावा म्हणून त्यांनी व्यायाम दिले आणि नाना पायाला वाळूची पुरचुंडी बांधून खुर्चीत बसून पाय उचलायचे. आधी साक्री मार्ग सुरू झाला, मग शिरपूर. एके दिवशी ते जिना सरळ उतरले, कठड्याला हात न लावता, आणि खाली येऊन माझ्या दारात उभे राहिले. पुकारलं नाही काही. मी चिमूटभर साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती जिभेवर टाकून तोंड वाकडं केलं. गोडही नको झालं होतं.

आता अक्का दाराबाहेर पडल्या की नाना चपला घालून मागे निघायचे. अडवायचे नाहीत. त्या तलावाभोवती भरभर चालणार, हे थोडं अंतर ठेवून मागे, आणि त्या दमल्या की हे पुढे होऊन, चला, गाडी लागली, म्हणून घरी आणणार. मला वाटलं जिंकलो आपण. माझ्या शास्त्राने एकदा तरी कुणाच्या घरात जाऊन उपयोगाचं काही केलं, असा मला थोडा गर्वही झाला. तो फार दिवस टिकला नाही.

एका सकाळी अक्का खाली माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "वर कोनीतरी मानूस बठेल शे. मना घरवालास्ना सदरा घालेल शे."

मी वर गेले. नाना पाटावर बसले होते. सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता, गाल आत गेले होते, गळ्याची कातडी सुटली होती. रोज बघणाऱ्या मला ते बदललेले दिसले नव्हते. दारातून एखाद्या नव्या माणसाच्या नजरेने पाहिलं तेव्हा दिसले. अक्कांच्या डोक्यात जो नवरा शिल्लक होता तो दारात मावत नसे. तो माणूस आम्ही दोघांनी मिळून, दर रविवारी थोडा थोडा, पुसून टाकला होता.

नानांनी प्रयत्न केले. लग्नातला फोटो काढून दाखवला, कारण तेव्हा ते असेच बारीक होते आणि अक्का तर धुळ्याच्याच दिवसांत वावरत होत्या. अक्कांनी फोटोतला मुलगा लगेच ओळखला, लाजल्यासुद्धा. मग समोरच्या माणसाकडे पाहून मान हलवली. फोटोतल्याला केस होते. आवाजावरून ओळखतील म्हणून नानांनी जुन्या गाड्या पुकारून पाहिल्या. गाडी लागली असं समजून अक्कांनी पदर सावरला आणि पिशवी भरायला घेतली.

तेव्हापासून अक्कांनी त्यांना पाहुणा म्हणून मान्य केलं. अडलेला कुणीतरी भला माणूस, गाडी चुकली म्हणून राहिलेला. त्याला त्या व्यवस्थित वाढतात आणि मग दुसरं ताट वाढून झाकून ठेवतात, नाना आल्यावर जेवतील म्हणून. आता नानांना दुसऱ्यांदा जेवावं लागत नाही. ते ताट सकाळपर्यंत तसंच असतं.

मी म्हटलं, सुई बंद करा. बंद केली की वजन बहुधा परत येतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. भूक परत येईल, अंग भरेल, ओळखतील त्या. हे सुचलं म्हणून मला बरं वाटत होतं. नाना माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होते. त्यांच्या मनात हे आधीच येऊन गेलेलं होतं.

"मी पण विचार केला, मास्तरीणबाई. जाडा झालो तर ओळखेल. आणि ओळखून बाहेर पडली तर मी पुन्हा जिन्यात बसलेला." ते म्हणाले. "मला नाही ओळखलं तर नाही ओळखलं. रस्त्यात तिला ओळखणारं कोणीतरी लागेल ना मागे."

त्यांनी बाही वर केली. रविवार होता. मी फ्रीजमधून पेन काढलं. त्या दिवशी त्यांनी एकही थांबा म्हटला नाही, डोळेही मिटले नाहीत.

परवा संध्याकाळी मी तलावाकडे गेले होते. समोरून दोघं येताना दिसली. अक्का, आणि आता अंतर न ठेवता जोडीने नाना, नानांच्या हातात अक्कांची पिशवी. अक्कांनी मला थांबवलं. मीही त्यांना नवीन होते.

"बाई, तुम्ही दखं का आमना घरवालासले?" त्यांनी विचारलं. "जाडा शेतस. टोंगळा दुखतस त्यास्ना, लांब जायेल नहीत." मग नानांकडे बोट दाखवून समजावलं, "हाऊ भाऊ संगे शोधी ऱ्हायना. चांगला मानूस शे."

भाऊ. इतक्या वर्षांचा संसार आणि शेवटी भाऊ. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली, म्हणजे खरं बोलू नका. मी सांगितलं की हो, पाहिलं, मघाशीच पुढे गेले. अक्कांचा चेहरा एकदम उजळला. असा आनंद मी त्या घरात कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता, आणि तो मी खोटं बोलून दिला होता.

"चाला," नाना म्हणाले, "पुढे दखूत."

अक्का भरभर निघाल्या. नाना त्यांच्या बरोबरीने चालू लागले, काठी नाही, लंगडणं नाही, कुठे थांबणं नाही. दोघं नानांना शोधत तलावाच्या वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.